फॉरमॅट मारण्याआधी: ॲडक्लीनर, मालवेअरबाइट्स आणि विंडोजचाच डिफेंडर

स्क्रीनच्या कोपऱ्यातून दर दोन मिनिटांनी "तुमच्या पीसीत 5 व्हायरस सापडले" अशी पाटी वर येते. गूगलवर काही शोधायला गेलं की भलत्याच नावाचं सर्च इंजिन उघडतं. क्रोम बंद केलं तरी पंखा घरघरतच राहतो. सोलापुरात यावर नवी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत एकच उतारा मिळतो: "फॉरमॅट मारून टाकू." रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, त्यातलाच हा प्रकार. घरच्या कॉम्प्युटरवरचं ॲडवेअर, म्हणजे जाहिराती लादणारं सॉफ्टवेअर, बहुतेक वेळा ब्राउझरच्या परवानग्यांत, एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) नाहीतर शेड्यूल करून ठेवलेल्या टास्कमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) दडलेलं असतं. ते काढायला एखादा तास आणि फुकटची तीन-चार हत्यारं पुरतात. या परीक्षणात ती हत्यारं आणि दुकानातला फॉरमॅट एकाच तराजूत घातले आहेत. सगळं विंडोज 10 आणि 11 धरून आहे.

हत्यार उचलण्याआधी एक गोष्ट बघून घ्या, कारण बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. कोपऱ्यातल्या त्या पाट्या पुष्कळदा व्हायरसच्या नसतातच. सिनेमा बघायच्या किंवा पीडीएफ उतरवायच्या साइटवर "तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा" असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि घरातल्या कुणीतरी ते दाबलेलं असतं. त्या एका क्लिकने त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायचा परवाना मिळतो. कॉम्प्युटरवर एकही वाईट फाइल नसते, त्यामुळे कुठलाही अँटिव्हायरस "काही सापडलं नाही" म्हणतो आणि माणूस गोंधळतो. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' असं जा. परवानगी दिलेल्या साइटींची यादी दिसेल. ओळखीचं नाव सोडून बाकी सगळी नावं 'रिमूव्ह' करा आणि वरचा पर्याय बदलून कुठल्याच साइटला विचारायची मुभा देऊ नका. एजमध्येही साइटच्या परवानग्यांत अशीच यादी असते. पाट्या थांबल्या तर पुढचं सगळं वाचायची तुम्हाला गरज नाही.

पूर्ण स्क्रीन भरून, भोंगा वाजवत, "मायक्रोसॉफ्टच्या या नंबरवर ताबडतोब फोन करा" सांगणारं पानही असंच. ते साधं वेबपेज असतं. एस्केप दाबून धरा, नाही जमलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर संपवा. परत उघडताना जुने टॅब 'रिस्टोअर' करू नका. मायक्रोसॉफ्ट अशा पाटीत फोन नंबर देत नाही. कुणी फोन केलाच असेल आणि समोरच्याने एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा अल्ट्राव्ह्यूअर घालायला लावलं असेल, तर सगळ्यात आधी इंटरनेटची वायर काढा आणि मग ते प्रोग्राम काढा.

आता ॲडक्लीनर.

या यादीतलं आमचं पहिलं हत्यार हेच. 2016 मध्ये मालवेअरबाइट्स कंपनीने ते विकत घेतलं आणि तेव्हापासून त्यांच्याच साइटवर फुकट मिळतं. फाइल दहा एमबीच्याही आतली. इन्स्टॉल करावी लागत नाही, डबल क्लिक केली की चालते. त्यामुळे नेट हळू असलेल्या घरात दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हवरून नेता येते. स्कॅनला साधारण मिनिट-दोन मिनिटं लागतात, जुन्या हार्ड डिस्कवर थोडी जास्त. ते सगळी डिस्क चाळत नाही. ॲडवेअर, टूलबार आणि ब्राउझरचे अपहरणकर्ते जिथे हमखास बसतात तेवढ्याच जागा बघतं: रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) ठराविक नोंदी, ब्राउझरची एक्स्टेन्शन, शेड्यूल्ड टास्क, सर्व्हिस, शॉर्टकट. वेग त्यातून येतो आणि मर्यादाही त्यातूनच.

चालवण्याआधी उघडी कामं सेव्ह करा, कारण सफाईच्या वेळी ते चालू प्रोग्राम बंद करतं आणि रीस्टार्ट मागतं. 'स्कॅन नाऊ' दाबा, यादी येऊ द्या. यादीतलं सगळं डोळे झाकून टिक करायचं नाही. वरचा भाग ॲडवेअरचा आणि नको असलेल्या प्रोग्रामचा, तो बहुतेक वेळा बिनधास्त काढावा. खाली वेगळा भाग येतो तो 'प्रीइन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर'चा, म्हणजे लॅपटॉप कंपनीने आधीच घालून दिलेल्या गोष्टींचा. त्यात फालतू चाचण्या आणि जाहिराती असतात तसंच ब्राइटनेसची बटणं किंवा बॅटरीची मर्यादा सांभाळणारं सॉफ्टवेअरही असू शकतं. तिथे नाव वाचून, शंका आली तर सोडून द्यायचं. मग 'क्वारंटाइन'. काढलेलं सगळं सी ड्राइव्हवर ॲडक्लीनर नावाच्या फोल्डरमध्ये कुलपात राहतं, तिथेच प्रत्येक स्कॅनची नोंदही असते. चुकून कामाचं गेलं तर तिथून परत आणता येतं.

सेटिंग्जमध्ये 'बेसिक रिपेअर'ची एक रांग आहे. प्रॉक्सी रीसेट, होस्ट्स फाइल रीसेट, क्रोमच्या पॉलिसी रीसेट, विनसॉक रीसेट अशी बटणं. ॲडवेअर काढल्यावर "नेट चालू आहे पण एकही साइट उघडत नाही" असं झालं तर हीच बटणं लागतात, कारण ॲडवेअरने बसवलेला प्रॉक्सी (नेटची ये-जा मध्येच वळवणारी सेटिंग) मालकाविना मागे राहिलेला असतो. इथे एक सावधगिरी हवी. केबलवाल्याकडून फायबर घेतलेल्या काही घरांत आयपी पत्ता हाताने भरलेला असतो. टीसीपी-आयपी रीसेट केलं की तो पुसला जातो आणि मग रविवारी संध्याकाळी केबलवाला फोन उचलत नाही. त्यामुळे आधी नेटवर्कच्या सेटिंगचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

ॲडक्लीनरचं नाव वापरून पैसे मागणारी नकली सॉफ्टवेअर येऊन गेली आहेत. खरं ॲडक्लीनर सफाईसाठी पैसे मागत नाही. खात्री करायची असेल तर फाइलवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिजिटल सिग्नेचर्स' इथे मालवेअरबाइट्सचं नाव दिसलं पाहिजे. आणि उतरवायचं ते थेट कंपनीच्या साइटवरून. तिसऱ्याच साइटवर एकाच पानावर पाच 'डाउनलोड' बटणं असतात आणि गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलसारखी एकापेक्षा एक मोठ्याने ओरडत असतात. खरं बटण सगळ्यात बारीक.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो पुढच्या गोष्टीसाठी.

काढलेलं परत का येतं

ॲडक्लीनर चालवलं, रीस्टार्ट झालं, दोन तास छान गेले आणि ये रे माझ्या मागल्या. याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे क्रोमचं सिंक. एक्स्टेन्शन कॉम्प्युटरवरून गेलं तरी गूगल खात्यात त्याची नोंद राहते आणि सिंक चालू असेल तर क्रोम इमानेइतबारे ते परत उतरवून घेतं. म्हणून क्रम असा: आधी सगळ्या कॉम्प्युटरवर सिंक बंद, मग क्रोमच्या सिंकच्या पानावर जाऊन साठवलेला डेटा डिलीट, मग सफाई आणि शेवटी सिंक चालू. पासवर्ड आणि बुकमार्क आधी एक्स्पोर्ट करून घ्या. क्रोममधलं 'रीसेट सेटिंग्ज' एक्स्टेन्शन बंद करतं, सुरुवातीचं पान आणि सर्च इंजिन मूळ जागी आणतं, कुकी (साइटवरचं लॉगइन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फायली) पुसतं. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड त्याने जात नाहीत, तेव्हा ते दाबायला घाबरू नये.

दुसरं कारण पॉलिसी. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूत तळाशी "तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित" अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. घरच्या कॉम्प्युटरला कसली आलीय संस्था? ॲडवेअर रजिस्ट्रीत ऑफिससारखा नियम लिहून ठेवतं, त्यामुळे एक्स्टेन्शनचं 'रिमूव्ह' बटणच गायब होतं. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा, पॉलिसी असं लिहिलं की कुठले नियम लागू आहेत ते दिसतं. 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' अशी ओळ असेल तर चोर सापडला. मात्र ती संस्थेची ओळ दिसली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, काही खरे अँटिव्हायरसही तिथे आपला नियम लिहितात. म्हणून आधी पॉलिसीचं पान बघायचं, मग ॲडक्लीनरचं क्रोम पॉलिसी रीसेट चालवायचं.

यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजून क्रोममध्ये 'क्लीन अप कॉम्प्युटर' शोधायला सांगतात. गूगलने ते 2023 मध्येच काढून टाकलं. शोधत बसू नका.

तिसरं, शॉर्टकट. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चित्रावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टार्गेट' ही ओळ बघा. ती क्रोमच्या ईएक्सई फाइलच्या नावावर संपली पाहिजे. त्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर प्रत्येक वेळी तीच साइट उघडणार. टास्कबारवर पिन केलेलं चित्र वेगळं असतं, तेही तपासा.

चौथ्याचं मूळ कॉम्प्युटरमध्ये नसतंच. त्याच वायफायवर घरातल्या मोबाइललाही त्याच जाहिराती दिसत असतील तर संशय राउटरवर घ्या. राउटरचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच राहिलेला असतो, कुणीतरी आतला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदललेला असतो. राउटर फॅक्टरी रीसेट करण्याआधी इंटरनेट कंपनीचं युजरनेम-पासवर्ड हाताशी हवं. नाहीतर जाहिरातींबरोबर नेटही जाईल.

मालवेअरबाइट्स

मोठा भाऊ. ॲडक्लीनर ठराविक जागा बघतं, हे मेमरी, स्टार्टअप, रजिस्ट्री आणि फायली जास्त खोलात जाऊन बघतं. इन्स्टॉल केल्यावर 14 दिवसांची प्रीमियम चाचणी चालू होऊ शकते. ती संपली की फुकटची आवृत्ती उरते आणि ती आपण सांगू तेव्हाच स्कॅन करते, पहारा देत नाही. इथेच घोळ होतो. चाचणीच्या काळात ते स्वतःची नोंद विंडोज सिक्युरिटीत मुख्य अँटिव्हायरस म्हणून करतं आणि डिफेंडर बाजूला होतो. चाचणी संपली की डिफेंडर परत जागा व्हायला हवा. तो झाला का, हे 'विंडोज सिक्युरिटी' उघडून डोळ्याने बघा. नाही झाला तर घराला दोन वॉचमन असून दोघेही झोपलेले.

स्कॅनआधी सेटिंग्जमध्ये 'स्कॅन फॉर रूटकिट्स' (विंडोजच्या आत खोल लपून बसणाऱ्या घातक प्रोग्रामचा शोध) चालू करा. ते मुळात बंद असतं. वेळ थोडा जास्त लागतो पण संशय असेल तेव्हा तो द्यावा. निकालात 'पप' असं लिहिलेल्या नोंदी येतात, म्हणजे कदाचित नको असलेले प्रोग्राम. वनलाँच, वेव्ह ब्राउझर, पीसी ॲप स्टोअर अशी नावं यात हमखास दिसतात. पीडीएफ कन्व्हर्टर किंवा नकाशे शोधताना जाहिरातीवर क्लिक केलं की यांतलं काहीतरी येऊन बसतं. क्वारंटाइन करा, रीस्टार्ट करा, दोन-चार दिवस सगळं नीट चाललं की क्वारंटाइन रिकामं करा.

4 जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर मालवेअरबाइट्स जड जातं. अशा ठिकाणी ते काम झाल्यावर काढून टाकलं तरी चालतं, नंतर लागलं तर परत घालता येतं. पाचपैकी चार. कापलेला एक गुण प्रीमियमच्या सततच्या आठवणींसाठी.

डिफेंडर, घरका जोगडा

मायक्रोसॉफ्टने डिसेंबर 2004 मध्ये जायंट नावाची कंपनी विकत घेतली, तिच्या अँटिस्पायवेअरवरून (हेरगिरी करणारी सॉफ्टवेअर काढणाऱ्या टूलवरून) 2006 मध्ये विंडोज डिफेंडर झाला आणि विंडोज 8 पासून तो पूर्ण अँटिव्हायरस बनला. म्हणजे ज्या कामासाठी लोक बाहेर पैसे मोजतात, त्याच कामासाठी हा जन्मला होता. तरी "तो काय, फुकटचा आहे" म्हणून कुणी त्याची सेटिंग उघडत नाही. 'विंडोज सिक्युरिटी'त तीन ठिकाणी हात घाला.

'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' आहे. त्यातलं 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' चालू हवं, 'ब्लॉक ॲप्स' आणि 'ब्लॉक डाउनलोड्स' दोन्हींवर टिक हवी. ॲडवेअरसाठी डिफेंडरचं खरं कुंपण हेच.

दुसरं ठिकाण 'एक्स्क्लुजन्स'. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंगमध्ये तळाशी असतं. घरच्या कॉम्प्युटरवर ही यादी रिकामी असावी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा 'प्रोग्राम डेटा'सारखा फोल्डर लिहिलेला सापडला, तर डिफेंडरला त्या खोलीत जायलाच मनाई केली आहे असं समजा. क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायची पळवाट) आणि ॲक्टिव्हेटर (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा प्रोग्राम) चालवताना ही नोंद केली जाते, कधी माणूस करतो, कधी प्रोग्राम स्वतः. ती काढा आणि मगच स्कॅन करा. हे न करता दहा वेळा फुल स्कॅन केलं तरी हाती काही लागणार नाही.

तिसरं, 'ऑफलाइन स्कॅन'. विंडोज सुरू होण्याआधीच्या वातावरणात हे चालतं, त्यामुळे दडून बसलेल्या गोष्टींना लपायला जागा राहत नाही. साधारण 15 मिनिटं लागतात आणि कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो. निकाल 'प्रोटेक्शन हिस्टरी'त बघायचा. विंडोज 11 च्या नव्या लॅपटॉपवर डिस्क बहुतेकदा एन्क्रिप्ट केलेली असते, अशा वेळी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची) रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आधी कागदावर उतरवून घ्या. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि लाइटचा भरवसा नसेल तर हे काम लाइट जाणार नाही अशा वेळी करा.

फुल स्कॅन मात्र सावकाश प्रकरण आहे. फिरत्या डिस्कवर काही तास घेतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर असताना भरदुपारी पत्र्याच्या खोलीत तो लावला तर लॅपटॉप तापून मंदावतो नाहीतर बंद पडतो. पहाटे लावावा. नळाला पाणी यायच्या दिवशी घर तसंही जागं असतं, तोच मुहूर्त बरा. कॅबिनेटच्या पंख्यावर धुळीची साय चढलेली असेल तर आधी ती काढा. पुष्कळ घरांत "व्हायरसमुळे पंखा ओरडतो" ही तक्रार ब्रशनेच मिटते.

मायक्रोसॉफ्टचं 'सेफ्टी स्कॅनर'ही आहे, वेगळं उतरवायचं. उतरवल्यापासून 10 दिवसांत ते कालबाह्य होतं, त्यामुळे पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेली जुनी प्रत उपयोगाची नाही.

विकतचा अँटिव्हायरस आधीच असेल तर तो फेकायची गरज नाही. कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून उभं केलेलं क्विक हील सोलापुरात दुकानादुकानांत मिळतं आणि त्याच्या मोठ्या पॅकमध्ये ॲडवेअर-स्पायवेअरसाठी वेगळं अँटिमालवेअर दिलेलं असतं. ते अनेकांनी कधी उघडलेलंच नसतं. दोन अँटिव्हायरस एकत्र पहाऱ्याला बसवू नका, एवढंच. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेही 2017 पासून बॉट (तुमचा कॉम्प्युटर परक्याच्या हुकमावर चालवणारे प्रोग्राम) काढायची फुकट टूल्स ठेवली आहेत. ॲडवेअरसाठी ती पहिली निवड नाही, पण कॉम्प्युटर बॉटनेटमध्ये सापडल्याचा संदेश इंटरनेट कंपनीकडून आला तर तिथे जा.

हे सगळं करूनही उरलंच, तर ऑटोरन्स. मार्क रसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्सचं हे टूल, 2006 पासून मायक्रोसॉफ्टचं. कॉम्प्युटर सुरू होताना काय काय आपोआप चालतं त्याची पूर्ण जंत्री देतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'ऑप्शन्स'मध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' करा, म्हणजे गर्दी कमी होईल. पिवळी ओळ म्हणजे फाइल जागेवर नाही, गुलाबी म्हणजे प्रकाशकाची सही नाही. गुलाबी म्हणजे वाईटच असं नव्हे, जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरच्या ओळीही गुलाबी दिसू शकतात. व्हायरसटोटलची (एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणाऱ्या साइटची) तपासणी त्यातच चालू करता येते. नियम एकच पाळा: संशयित ओळ डिलीट करू नका, नुसती टिक काढा आणि रीस्टार्ट करून बघा. चुकलं तर टिक परत लावता येते. नवख्याने ड्रायव्हरच्या टॅबमध्ये शिरू नये.

आतापर्यंतचं सगळं ॲडवेअरचं. स्पायवेअरचा हिशेब वेगळा आहे. हल्ली घरच्या कॉम्प्युटरवर जे येतं ते इन्फोस्टीलर, म्हणजे माहिती चोरणाऱ्या, जातीचं. लुम्मा, रेडलाइन ही त्यातली गाजलेली नावं. रेडलाइनवर 2024 मध्ये आणि लुम्मावर 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय कारवाई झाली, तरी जात संपलेली नाही. ते एकदा चाललं की ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी थोड्याच वेळात बाहेर पाठवतं, काही तर काम उरकून स्वतःला पुसूनही टाकतात. नंतर केलेल्या स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही. येण्याच्या मुख्य वाटा दोन: क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि नकली कॅप्चा. "तुम्ही माणूस आहात हे दाखवण्यासाठी विंडोज की आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर" असं कुठलंही पान सांगत असेल तर ते तुमच्याच हाताने कमांड चालवून घेतंय.

असं काही झालं असेल तर सफाईने गेलेले पासवर्ड परत येत नाहीत. दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, आणि प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करा. चोरलेली कुकी हातात असेल तर चोराला पासवर्ड आणि ओटीपी लागतोच असं नाही, म्हणून साइन आउट पासवर्डइतकंच महत्त्वाचं. पैसे गेले असतील तर तडक 1930 ला फोन. आणि या एका बाबतीत आम्हीही पूर्ण फॉरमॅटच सांगू.

पेन ड्राइव्हचा जुना रोग अजून जिवंत आहे. झेरॉक्स किंवा फ्लेक्सच्या दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात. मूळ फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका. डिफेंडरने ड्राइव्ह स्कॅन करा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब ही कमांड द्या. फोनवर सांगतात तसं सांगायचं तर: ॲट्रिब, उणे एच, उणे आर, उणे एस, मग तिरकी रेघ एस, तिरकी रेघ डी, मग ड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटी तिरकी रेघ, चांदणी, टिंब, चांदणी. फायली दिसू लागतील. शॉर्टकट आणि अनोळखी व्हीबीएस फाइल डिलीट करा. घातलेला प्रत्येक पेन ड्राइव्ह परत असाच होत असेल तर कीड कॉम्प्युटरमध्ये आहे. टास्क शेड्यूलर उघडा आणि डब्ल्यूस्क्रिप्ट (व्हीबीएस फायली चालवणारा विंडोजचाच प्रोग्राम) चालवणारी ओळ शोधा. सी-डॅक या सरकारी संस्थेचं यूएसबी प्रतिरोध हे टूल अनोळखी पेन ड्राइव्हला आधी अडवतं, दुकान किंवा क्लास चालवणाऱ्यांनी ते बघावं.

आता दुकानातला फॉरमॅट

फॉरमॅटने ॲडवेअर जातं, यात वाद नाही. प्रश्न आहे तो कसा मारला जातो याचा. बहुतेक ठिकाणी फक्त सी ड्राइव्ह पुसला जातो. डी ड्राइव्हमध्ये 'सॉफ्टवेअर' नावाचा तो सुप्रसिद्ध फोल्डर तसाच राहतो आणि त्यातल्या त्याच जुन्या सेटअप फायली परत चालवल्या जातात. चादर बदलली म्हणून ढेकूण जात नाहीत, ते पलंगाच्या सांध्यात असतात.

दुसरं अधिक गंभीर. विकत घेतलेल्या लॅपटॉपसोबत अस्सल विंडोज होम आलेलं असतं, त्याचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. फॉरमॅट करताना त्यावर 'प्रो' घातलं जातं आणि ॲक्टिव्हेटरने चालू केलं जातं. ग्राहकाला वाटतं, वरची आवृत्ती मिळाली. प्रत्यक्षात अस्सल जाऊन नकली आलं आणि ॲक्टिव्हेटरसाठी डिफेंडरमध्ये ते एक्स्क्लुजनही बसलं. तपासायची सोपी रीत: विंडोज की आणि आर दाबून एसएलएमजीआर, मोकळी जागा, तिरकी रेघ, डीएलव्ही असं लिहा. येणाऱ्या खिडकीत 'ओईएम' किंवा 'रिटेल' दिसलं तर ठीक. घरच्या मशीनवर 'व्हॉल्यूम' आणि 'केएमएस' (संस्थांच्या घाऊक परवान्याच्या खुणा) दिसलं, मुदत जास्तीत जास्त 180 दिवसांची असली, तर ॲक्टिव्हेटर आहे असंच धरा. एखाद्या संस्थेने दिलेला लॅपटॉप मात्र याला अपवाद.

घरीच करायचं असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये 'रिसेट धिस पीसी' आहे. 'क्लाउड डाउनलोड' निवडलं तर साधारण 4 जीबी डेटा लागतो पण विंडोज ताजं मायक्रोसॉफ्टकडून येतं. 'कीप माय फाइल्स' निवडलं तर कागदपत्रं राहतात, प्रोग्राम जातात. टॅली आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर परत घालावं लागेल, त्यांच्या लायसन्सच्या चिठ्ठ्या आधी शोधा. स्पायवेअरचा संशय असेल तर 'रिमूव्ह एव्हरीथिंग'च करा. त्याहून पक्कं म्हणजे 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तयार केलेलं कोरं इन्स्टॉलेशन, तेही दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर तयार केलेलं. मशीन विंडोज 10 चं असेल तर 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा नेहमीचा आधार संपला आहे. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतचीच आहे. तेव्हा मशीन झेपवत असेल तर या निमित्ताने थेट 11 घाला.

सफाई झाल्यावर जाहिरात रोखणारं एक्स्टेन्शन हवं असेल, तर क्रोममध्ये जुनं यूब्लॉक ओरिजिन 2025 पर्यंत बंद पडलं, त्याचं लाइट रूप चालतं. पूर्ण रूप फायरफॉक्समध्ये अजून मिळतं.

दुकानातच द्यायचं ठरलं तर मशीन हातातून सोडण्याआधी विचारून घ्या: होमच परत घालणार की प्रो? परवाना कुठला? डी ड्राइव्ह स्कॅन करणार का? बॅकअप कुठे घेणार आणि नंतर तो तुमच्या डिस्कवरून पुसणार का? मशीन परत घेताना काउंटरवरच 'एक्स्क्लुजन्स'ची यादी उघडून बघा आणि पावतीवर विंडोजची आवृत्ती लिहून घ्या.